माळावरची चाके आणि उरलेले पाणी



मननासाठी शास्त्रभाग: यहेज्केल ३४:१७-२२. पुढे वाचण्याआधी कृपया हा भाग आपल्या पवित्र शास्त्रातून वाचावा.

या वेळचे मनन आम्ही लिहायला घेतले ते एका व्हिडिओमुळे. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या तरुण संघाची सहल हुमनाबादहून चिंचोळीकडे निघाली होती. वाटेत डांबरी रस्त्याला लागून एक माळ दिसला. नुकताच पाऊस होऊन गेलेला, गवत कोवळे, जमीन ओली, माणूस कोणी नाही. तीन जीपगाड्या आणि चार मोटारसायकली रस्ता सोडून माळावर चढल्या. व्हिडिओत चाके जागच्या जागी गरगर फिरताना दिसतात, चिखलाचे फवारे काचेपर्यंत उडतात, मुले आनंदाने ओरडतात. मागे आपल्या आराधनेतले एक गीत लावलेले आहे. ग्रुपवर तो आला तेव्हा आम्हीही अंगठा दाखवला. सहलीची परवानगी आम्हीच काढून दिली होती आणि आमच्यातले दोघे त्या गाड्यांमध्ये बसलेले होते. म्हणून पुढचे शब्द तरुणांना दोष देण्यासाठी आहेत असे कृपया समजू नये. दोष असेल तर आधी आमचा आहे.

व्हिडिओ संपल्यावर जे घडले ते ग्रुपवर कोणी टाकले नाही. माळाच्या खोलगट भागात एक लहान तळे होते. गाड्या त्यातून दोनदा गेल्या होत्या. पलीकडे एक म्हातारे मेंढपाळ मामा आपली मेंढरे घेऊन थांबले होते. अर्धे कानडी, अर्धे मराठी असे त्यांचे बोलणे. रागाचा एक शब्द नाही. "झालं का तुमचं?" एवढेच त्यांनी विचारले. मग म्हणाले, "मेंढरं गढूळ पाण्याला तोंड लावत नाहीत बघा. गाळ खाली बसंपर्यंत आता खालच्या नाल्याला न्यावं लागतंय." आमच्यातल्या एकाने ओशाळून त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली. त्यांनी ती घेतली, दोन घोट प्यायले, बाटली परत दिली आणि मेंढरे हाकत ते उतरणीला लागले.

घरी येऊन आमच्यातल्या एका बहिणीने यहेज्केलचा चौतिसावा अध्याय उघडला. हा अध्याय आपण बहुधा मेंढपाळांसाठी वाचतो. पाळकांच्या दीक्षेच्या वेळी त्यावर उपदेश होतात. पण मध्येच देव मेंढपाळांना सोडून खुद्द मेंढरांशी बोलू लागतो. कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना तो जाब विचारतो. चांगले कुरण तुम्हाला मिळाले, तेवढ्याने तुमचे भागले नाही का? जे गवत तुम्ही खाल्ले नाही ते पायांखाली का तुडवले? स्वच्छ पाणी तुम्ही प्यालात, मग उरलेले पायांनी ढवळून गढूळ का केले? माझ्या बाकीच्या मेंढरांनी आता तुमचे तुडवलेले खायचे आणि तुमचे गढूळ केलेले प्यायचे का?

या वचनांतला आरोप नीट पाहू या. ही मेंढरे चरली म्हणून देव रागावलेला नाही. पाणी प्यायली म्हणूनही नाही. खाणे-पिणे ही गरज आहे आणि ती देवानेच दिली आहे. गरज भागल्यानंतर, जे दुसऱ्यासाठी उरले होते ते त्यांनी कारण नसताना खराब केले, हा आरोप आहे. आम्हाला तो मामांच्या तळ्याकाठी, नावानिशी आमच्यावर केलेला वाटला.

म्हणून आमचे मत सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. माळ, ओढे, नाले, डोंगराचा माथा आणि तलावाचा काठ अशा जागी केवळ गंमत म्हणून गाड्या घालणे आपल्या मंडळ्यांनी थांबवावे. शहरी भाषेत याला ऑफ-रोडिंग म्हणतात. बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात तो शेजाऱ्याच्या पाण्यावर घातलेला घाला आहे, असे आम्हाला वाटते. का वाटते, ते आता सांगतो.

आपण राहतो ती जागा पाण्याच्या दृष्टीने विशेष आहे. आपल्या बीदर जिल्ह्यातच पाण्याचे दोन संसार वेगळे होतात. कारंजा नदी मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. पण बसवकल्याण तालुक्यात उगवणारी मुल्लामारी दक्षिणेला वळते, कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीकडे जाते, कागिणेला मिळते, कागिणा भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे आपण उंचावरचे लोक आहोत. आपल्या माळावर पडलेला थेंब कोणत्या उतारावर पडला त्याप्रमाणे नांदेडकडे जाईल की रायचूरकडे, हे ठरते. आपण त्या पाण्याचे काय करतो ते खालच्या गावांना भोगावे लागते आणि ती गावे आपल्याला कधी भेटतही नाहीत.

हे पाणी मुबलक असते तर कदाचित एवढे बोलावे लागले नसते. मांजरेकाठच्या आपल्या नातलगांना २०१६ चा उन्हाळा आठवत असेल. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली तेव्हा स्टेशनवर लोक बघायला जमले होते. त्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. आता एक साधा हिशेब करू या. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी होते. म्हणजे ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस एका हेक्टर माळावर पडला, तर लातूरच्या त्या पहिल्या गाडीइतके पाणी देव एका दिवसात त्या माळावर उतरवतो. त्यासाठी इंजिन लागत नाही, रूळ लागत नाहीत. फक्त ते पाणी धरून ठेवायला जमीन तयार असावी लागते.

जमीन पाणी कशी धरते? तिच्या वरच्या चार बोटे थरात सगळी करामत असते. गवताची मुळे, गांडुळांची आणि मुंग्यांची बिळे, सुकलेल्या पाल्याचा थर यांमुळे ती माती सच्छिद्र राहते. पाऊस पडला की ती स्पंजासारखी पाणी ओढून घेते आणि हळूहळू खाली सोडते. बीदरच्या पठारावर तर ही व्यवस्था आणखी सुंदर आहे. ज्या लाल जांभ्या दगडात बीदरचा किल्ला बांधला, तो दगड छिद्रांचा आहे. वरून पाणी त्यात मुरते, खालच्या काळ्या, टणक खडकाला टेकले की पुढे जायला वाट नसते, म्हणून पठाराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. गुरुद्वारा नानक झिरा साहिब आणि नरसिंह झरणी येथले झरे आपल्या शीख आणि हिंदू बंधूंना पवित्र आहेत. पापनाशही तसेच. दगडात मुरलेल्या या पाण्याची रचना आपल्या सर्वांच्या निर्माणकर्त्याने आपल्या सर्वांसाठी केली आहे.

आपल्या पूर्वजांना ही रचना कळत होती. पंधराव्या शतकात बहामनींची राजधानी कलबुर्गीहून बीदरला आली आणि त्या काळात नौबादजवळ जांभ्या दगडातून जमिनीखाली पाण्याचा बोगदा खोदला गेला. त्याला करेझ म्हणतात, आपले लोक सुरंग बावी म्हणतात. वरून ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे आणि खाली झिरपून आलेले पाणी घेऊन जाणारा बोगदा. पुढे कित्येक वर्षे ही तोंडे मातीने आणि कचऱ्याने बुजून गेली. अलीकडच्या काळात अभ्यासक, कार्यकर्ते आणि प्रशासन यांनी ती पुन्हा उपसली. ते पाहताना आम्हाला उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातला इसहाक आठवतो. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना दिली. पाणी बुजवणारे आणि पाणी उकरणारे अशी माणसांची दोन माळ शास्त्रात फार जुनी आहे.

आता या जमिनीवरून गाडीचे चाक गेले की काय होते ते पाहू. डांबरी रस्त्यावर चाक नुसते फिरते. ओल्या माळावर दीड-दोन टनांची गाडी माती दाबते आणि त्याच वेळी चाक घसरते तेव्हा मातीची साल सोलून काढते. दाबलेल्या मातीतली छिद्रे बंद होतात. पुढचा पाऊस मुरत नाही, चाकोरीतून वाहू लागतो. चाकोरी उतारावर असेल तर तिचा ओघळ होतो, ओघळाची घळ होते. आमच्यातले एक भाऊ बांधकामावर मिस्त्री आहेत. त्यांनी मोजून दाखवले. एका चाकाची चाकोरी एक फूट रुंद धरा, दोन बाजूंच्या दोन. एक किलोमीटर लांबीत पाच सेंटिमीटर माती गेली तर ३० घनमीटर माती होते, म्हणजे दहा ब्रासहून जास्त. हा एका गाडीच्या एका वाटेचा हिशेब. ही माती नाहीशी होत नाही. ती नाल्यात जाते, नाल्यातून तलावात जाते आणि तलावाच्या तळाशी बसते. जेवढी माती आत, तेवढे पाणी बाहेर. चिंचोळीच्या चंद्रम्पळ्ळी धरणापासून गावच्या लहान तळ्यापर्यंत सर्वांना हा एकच नियम लागू आहे.

यातली वाईट गोष्ट अशी की या खेळाला चिखल हवा असतो. म्हणजे जमीन जेव्हा सर्वांत मऊ असते, गवत जेव्हा नुकते उगवत असते आणि टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात, नेमके तेव्हाच गाड्या येतात. उन्हाळ्यात कडक माळावरून गाडी गेली तर धूळ उडते. पावसाळ्यात तीच गाडी माळाची कातडी काढते.

ही काळजी केवळ आमच्या भागाची नाही. १९७२ साली शेजारच्या मराठवाड्यात आपले वाडवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा गाड्या कोठे चालतील आणि कोठे नाही हे ठरवून द्यावे, असा आदेश काढला. माती, पाणलोट आणि वनस्पती यांचे नुकसान कमीत कमी व्हावे, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली की जेथे नुकसान दिसेल तेथे वाट ताबडतोब बंद करावी. मोटारींचे एवढे वेड असलेल्या देशालाही पन्नास वर्षांपूर्वी ही वेसण घालावी लागली. त्याच देशातल्या मोहावे वाळवंटात दुसऱ्या महायुद्धाच्या सरावासाठी रणगाडे फिरवले गेले होते, १९४२ ते १९४४ या काळात. त्यांच्या चाकोऱ्या तेथील कोरड्या जमिनीवर अजून दिसतात. कमी पावसाची जमीन जखम लवकर विसरत नाही.

आपल्या देशातही २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवरात घातलेल्या गाडीचा व्हिडिओ सर्वांनी पाहिला. २०२३ च्या डिसेंबरात हिमाचलमध्ये लाहौलला चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी नेणाऱ्याला पोलिसांनी दंड केला. आणि अगदी आपल्या उंबऱ्याशी म्हणावे तर विकाराबादचे अनंतगिरी डोंगर आहेत. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे दरवर्षी नोव्हेंबरात त्या भागातल्या धारूरच्या मेथडिस्ट जत्रेला जातात. १९२३ पासून चालत आलेली ही जत्रा, झाडांखाली तंबू, चुली, रात्रभर भजने. त्याच परिसरात आज हैदराबादहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी रिसॉर्टांमध्ये एटीव्हीच्या फेऱ्या विकल्या जातात. आणि याच अनंतगिरीत दोन नद्या उगवतात. एक हैदराबादची मुसी. दुसरी आपली कागिणा, जी तांडूरवरून सेडमकडे येते आणि पुढे भीमेला मिळते. जत्रेत आपण जेथे गुडघे टेकतो, तेथून निघालेले पाणी कलबुर्गी जिल्ह्यातल्या आपल्याच मंडळ्यांच्या शेतांजवळून वाहते. जत्रेला जाताना हे आम्हाला कधी सुचले नव्हते.

आमच्या या मताला विरोध झाला आणि तो व्हायलाच हवा होता. सभेनंतर चहा घेताना जे आक्षेप ऐकले ते इथे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला आक्षेप एका ज्येष्ठ भावांचा. ते म्हणाले, खाणीवाले डोंगर कापत आहेत, वाळूवाले नदी उपसत आहेत, आणि तुम्हाला पोरांच्या चार गाड्या दिसतात? हे बोलणे खोटे नाही. खाणीचे आणि वाळूचे नुकसान कितीतरी मोठे आहे आणि त्याविरुद्ध बोलण्याचे धाडस मंडळी म्हणून आपण दाखवलेले नाही, हेही आम्ही कबूल करतो. पण खाण बंद करणे आपल्या हातात नाही आणि आपली गाडी रस्त्यावर ठेवणे आपल्या हातात आहे. शिवाय जो स्वतः माळ उकरून आला आहे त्याने खाणीविरुद्ध अर्ज लिहिला तर तो कोणत्या तोंडाने? दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ या प्रभूच्या शिकवणीत क्रम महत्त्वाचा आहे. मुसळ काढल्यावर कुसळही काढायचे आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा आणि तो आम्हाला जास्त लागला. एक मुलगा म्हणाला, "तुम्ही लोक आम्हाला सगळ्यालाच नाही म्हणता. सिनेमाला नाही, डीजेला नाही, आता गाडीलाही नाही. मग चर्चमध्ये आम्ही करायचं काय?" बाळा, तू बरोबर विचारलेस. या वयात अंगात जोर असतो, हातात स्टिअरिंग आले की उडावेसे वाटते. हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रभू वादळातही आपल्या शिष्यांबरोबर नावेत होता. धाडस कर. पण धाडसाची किंमत तू भर, मेंढपाळ मामांकडून वसूल करू नकोस. एखाद्या शेतकऱ्याचे सपाट, पडीक रान त्याच्या परवानगीने, ओढ्यापासून दूर, उन्हाळ्यात घेतले आणि नंतर नांगरून दिले, तर आमची हरकत नाही. त्या दिवशी चहा आमच्याकडून.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. शहरातून गाड्या आल्या तर तांड्यावरच्या पोरांना चार पैसे मिळतील, चहाची टपरी चालेल. गरिबाच्या पोटाचा प्रश्न आला की आपण सांभाळून बोलले पाहिजे. पण टपरी रस्त्याच्या कडेला चालते, माळाच्या मधोमध नाही. पाहुणे पायी फिरले, काळवीट बघायला आले, करेझ आणि किल्ला बघायला आले, तरी चहा पितातच. उलट गवत गेले, तळे बुजले, तर ज्यांची शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण आहे त्यांचा बारमाही रोजगार जातो आणि बदल्यात मिळतात ते चार रविवार.

या तिसऱ्या मुद्द्यात न्यायाचाही एक प्रश्न आहे. सरकारी कागदात ज्याला पडीक किंवा खराब जमीन म्हणतात ती कोणाची? इकडे गायरानाला गोमाळ म्हणतात. ज्याच्याकडे स्वतःचे रान नाही, त्याचे रान म्हणजे गोमाळ. आपल्याला तो रिकामा दिसतो कारण त्याच्या मालकांकडे कुंपण घालायला पैसे नाहीत. चिंचोळीचे जंगल २०११ साली अभयारण्य झाले, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे. लांडगा, तरस यांचे ते घर. तेथे परवानगीशिवाय शिरणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईला जंगलाचे नियम पाठ असतात, कारण तिला ते रोज पाळावे लागतात. पंधरा-वीस लाखांच्या गाडीत बसणाऱ्याला ते माहीत नसतात, कारण त्याला कधी गरज पडत नाही. यहेज्केलातली धष्टपुष्ट मेंढरे दुबळ्यांना कुशीने आणि खांद्याने रेटतात, शिंगांनी ढकलतात. आपल्या काळात त्या शिंगांच्या जागी बंपर आला आहे.

आपल्याच विश्वासातल्या दोन माणसांची आठवण इथे करावीशी वाटते. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी महाराष्ट्रात आयुष्य घालवले आणि अहमदनगरसारख्या दुष्काळी भागात गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोटाचे काम उभे केले. १९९३ मध्ये त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन केला. या कामाचे सूत्र मराठीत तीन शब्दांत सांगतात: माथा ते पायथा. काम डोंगराच्या माथ्यावरून सुरू करायचे. आधी वर समतल चर खणायचे, गवत आणि झाडे राखायची, मग खाली बांध घालत यायचे. वरचे पाणी वरच मुरले तर खालचा बांध टिकतो. माथा उघडा राहिला तर खाली कितीही खर्च करा, पहिल्या पुरात वाहून जातो. आता विचार करा, गाड्यांना कोणती जागा आवडते? माथाच. तेथून दृश्य चांगले दिसते, चढ अवघड असतो. पाणी अडवणाऱ्यांनी जेथे काम सुरू करायचे, तेथूनच आपण मोडायला सुरुवात करतो.

दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या जानेवारीत आपल्या शेजारी उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचे ते अध्यक्ष होते. आपल्यापैकी काहींनी त्यांना तेथे पाहिले असेल. सुबोध बायबल लिहिणारा हा माणूस वसईत हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरला होता, तेथली हिरवी शेती आणि विहिरींचे पाणी वाचावे म्हणून. जुलै २०२४ मध्ये ते प्रभूकडे गेले. वचनाचे भाषांतर आणि विहिरीची राखण ही दोन कामे एकाच हाताने होऊ शकतात, हे त्यांनी आपल्याला दाखवून ठेवले आहे.

आता आपण काय करावे? आमच्या मंडळीत पाळकसाहेबांच्या आणि तरुण संघाच्या संमतीने जे ठरले ते सांगतो. आपणही आपल्या मंडळीत यावर बोलावे, अशी विनंती आहे.

सहल कोणतीही असो, मंडळीच्या नावाने निघालेली गाडी मळलेला रस्ता सोडणार नाही. माळावर, डोंगरावर, झऱ्यावर जायचे तर पायी. पावसाळ्यात तर नक्कीच पायी. ओढ्यात, तळ्यात, नदीच्या पात्रात गाडी घालायची नाही आणि गाडी धुवायचीही नाही.

अशा गाड्यांचे व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. कोणी टाकले तर सर्वांसमोर अपमान न करता त्याला खासगीत फोन करायचा. आणि आपले आराधना-गीत अशा चित्रांमागे लावायचे नाही. ज्याने पाण्याचे झरे दिले त्याच्या स्तुतीखाली गढूळ पाण्याचे चित्र शोभत नाही.

दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, तरुण संघाने एक दिवस श्रमदान करायचे. गावाच्या आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीने, जाणकार माणसाला विचारून, चर खणायचे किंवा तळ्यातला गाळ काढायचा. अंगातला जोर दाखवायला कुदळीसारखे दुसरे यंत्र नाही. पहिल्या तासातच कोण किती तगडा आहे ते कळते.

आणि शेवटचे. ज्या तळ्यातून आमच्या गाड्या गेल्या, त्या तळ्यावर आम्ही परत गेलो. तरुण संघाची सहा मुले आणि आम्ही चौघे. गाड्या रस्त्यावर ठेवल्या आणि चालत गेलो. चाकोऱ्या तशाच होत्या, त्यांत गवत उगवले नव्हते. मामा त्या दिवशी भेटले नाहीत. एक लहान मुलगा शेळ्या घेऊन आला होता, त्याला विचारले तर म्हणाला, आजोबा मेंढरं घेऊन पलीकडच्या गावाला गेलेत, दिवाळीनंतर येतील. आम्ही उताराकडे जाणाऱ्या दोन चाकोऱ्यांत दगड रचून आडवे अडसर घातले, जेणेकरून पुढच्या पावसात ओघळ वाढू नये. काम कच्चेच झाले, हातांना फोड आले. ज्या मुलाने व्हिडिओ काढला होता तोच सर्वांत जास्त वेळ दगड वाहत होता. मामांची माफी मागायची बाकी आहे. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत.

प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, उंचावर आम्हाला घर दिलेस आणि आमच्या अंगणातून दोन नद्यांकडे पाणी सोडलेस. आम्ही पोटभर प्यालो आणि उरलेले गढूळ केले, याची आम्हाला क्षमा कर. ज्यांची मेंढरे आमच्यामुळे तहानेली चालत गेली, त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य आम्हाला दे. आमच्या तरुणांच्या अंगातला जोर कुदळीत उतरू दे. या वर्षीचा पाऊस वेळेवर पाठव आणि तो धरून ठेवणारी जमीन आमच्या हातून राखली जाऊ दे. उत्तम मेंढपाळ प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.